बडोद्यातला ‘ओपन फाइल’ वर्ग: हत्ती आत शिरतो, बचाव मात्र उंबऱ्यावरच राहतो

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी ८ ते १० बुद्धिबळाचा हा वर्ग भरतो. सहा रविवार, फी २,४०० रुपये, त्यात ४० पानांची छापील वही. विषय एकच: ओपन फाइल (प्यादी नसलेली पटावरची उभी ओळ) ताब्यात आल्यावर डाव जिंकायचा कसा. ओपनिंगच्या ओळी पाठ करून घेणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. मध्यखेळातला एकच धागा धरून सहा आठवडे बसवणारा वर्ग क्वचित दिसतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं.

आधी हा वर्ग कोणासाठी आहे ते. नोटेशन (उभ्या ओळींना ए ते एच, आडव्यांना १ ते ८ अशी नावं देऊन खेळ्या लिहायची पद्धत) लिहिता-वाचता येतं, पिन (मागचा मोहरा उघडा पडेल म्हणून पुढचा जागीच अडकणं) आणि दुहेरी हल्ला दिसतो, पण ‘हत्ती ओपन फाइलवर आणला, आता पुढे काय?’ इथे गाडी अडते, त्यांच्यासाठी. रेटिंगच्या भाषेत साधारण १२०० ते १७००. नुकतं शिकलेल्या मुलाला इथे घालू नका, दुसऱ्याच रविवारी कंटाळेल. शिकवणं मराठीत चालतं. मुलं गुजरातीत विचारतात, सर गुजरातीत सांगतात आणि पुन्हा मराठीवर येतात. बडोद्याच्या माणसाला त्यात काही वावगं वाटणार नाही.

पहिला रविवार व्याख्यांचा आहे आणि तो एका तासात आटोपता आला असता. दोन्ही रंगांचं एकही प्यादं नसेल ती ओपन फाइल, फक्त आपलं नसेल ती अर्धी उघडी, एवढं सांगायला इतका वेळ लागत नाही. एक भाग मात्र चांगला जमलाय: फाइल उघडते कशी. स्लाव्ह या ओपनिंगच्या एक्स्चेंज प्रकारात (१.डी४ डी५ २.सी४ सी६ ३.सी×डी५ सी×डी५) तिसऱ्या खेळीला सी-फाइल उघडी पडते. फ्रेंच एक्स्चेंजमध्ये (१.ई४ ई६ २.डी४ डी५ ३.ई×डी५ ई×डी५) ई-फाइल. दोन्हीकडे प्यादी आरशातल्यासारखी, तरी सी-फाइलवर लढत होते आणि ई-फाइलवर बहुतेक वेळा चारही हत्ती मारले जाऊन बरोबरीचे हात मिळवले जातात. असं का, हा प्रश्न पहिल्या दिवशी फळ्यावर लिहून ठेवतात आणि उत्तर दुसऱ्या रविवारी देतात. मांडणी हुशारीची आहे.

उत्तर असं, की फाइल हा नुसता रस्ता. रस्त्याच्या टोकाला शिरायला घर हवं. फ्रेंच एक्स्चेंजच्या ई-फाइलवर ई७ आणि ई८ ही घरं काळ्याच्या राजाच्या, उंटाच्या आणि हत्तींच्या नजरेखाली असतात. पांढऱ्याच्या बाजूला ई१-ई२ चंही तेच. हत्ती रस्त्यावर उभा राहतो आणि तिथेच राहतो. सी-फाइलवर सी७ आणि सी८ राखायला काळ्याला वजीर किंवा हत्ती गुंतवावा लागतो, आणि पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट एफ४ वर बसला की सी७ त्याच्या टप्प्यात येतं. दुसरा उंट ए६ वर किंवा एच३ वर पोहोचला तर सी८ सुद्धा. आता काळ्याच्या हत्तीला सी८ वर येऊन तोंड देणंच जड होतं. फाइल हत्ती जिंकतात असं आपण म्हणतो खरं, पण पुष्कळ डावांत ती उंटाने जिंकून दिलेली असते. हा मुद्दा वर्गात ज्या तऱ्हेने ठासून सांगतात, त्याला पूर्ण गुण.

वहीचं ११ वं पान त्यासाठीच आहे. तीन रकाने: फाइल कोणाची, शिरायचं घर कोणतं, ते घर कोण राखतंय. प्रत्येक पोझिशनला आधी हे तीन रकाने भरायचे, त्याशिवाय खेळी सुचवायची नाही. तिसऱ्या रकान्यात ‘घोडा एफ६’ असं आलं, की पुढचं काम आपोआप ठरतं: त्या घोड्याला हाकला, मारा किंवा पिनमध्ये अडकवा. किंग्ज इंडियन या ओपनिंगच्या एक्स्चेंजमध्ये डी८ वर वजीर मारले गेल्यावर पांढरा नवव्या खेळीला उंट जी५ वर नेतो तो याच हिशेबाने. एफ६ चा घोडा पिनमध्ये येतो, आणि तो तिथून हलला व ई७ रिकामंच असलं की हाच उंट थेट डी८ वर नजर ठेवतो. बहुतेक मुलं ही खेळी पाठ करून येतात. ती डी-फाइलसाठी आहे हे इथे पहिल्यांदा कळतं.

तिसरा रविवार मारामारीचा: हत्ती मारायचे की ठेवायचे. नियम साधा दिलाय: शेवटची मार झाल्यावर फाइलवर कोणाचा मोहरा उभा राहतो ते मोजा. डी१ वर तुमचा हत्ती, त्याच्या शेजारी पहिल्याच रांगेत आधाराला दुसरा, समोर डी८ वर काळ्याचा. काळ्याने डी१ वर मारलं तर तुमचा दुसरा हत्ती मारून तिथेच बसतो आणि फाइल तुमची. तुम्ही आधी डी८ वर मारलं तर तीच फाइल त्याला आंदण. म्हणजे जो आधी मारतो तो बहुधा गमावतो, म्हणून ताण धरून ठेवायचा आणि समोरच्याला मारायला भाग पाडायचं. याला जोडूनच दोन हत्ती आणि वजीर एका फाइलवर रचायचे तर क्रम काय, हे येतं. वजीर सगळ्यात मागे. वजीर पुढे असला तर समोरच्या हत्तीने राखलेल्या घरात तो जाऊच शकत नाही. हत्तीच्या बदल्यात वजीर कोण देईल?

या क्रमाचा नमुना म्हणून अलेखिन विरुद्ध निम्झोविच, सान रेमो १९३० हा डाव घेतात. निवड अचूक आहे. ओपन फाइल आणि सातव्या रांगेचं शास्त्र ज्याने मांडलं तोच निम्झोविच इथे सी-फाइलवर गुदमरून हरतो. पांढऱ्याचे हत्ती सी३ आणि सी२ वर, २६ व्या खेळीला वजीर सी१ वर. पण या डावातली खरी गोम तोफखान्यात नाही, हे वर्गात नीट उलगडून सांगितलं जातं. सी६ चा घोडा सी७ च्या हत्तीसमोर फाइलवर अडकलाय, पांढरा उंट ए४ वर येतो आणि बी५ हे प्यादं पुढे सरकवून घोडा जिंकायची धमकी उभी राहते. ती टाळायला काळ्याने बी५ वर स्वतःचं प्यादं दिलं, आणि मिळालेल्या वेळात राजा एफ८ वरून ई८, डी८ असा चालवत सी७ च्या राखणीला आणला. सगळं राखलं गेलं, पण हलायला काही उरलं नाही. पांढऱ्याने ३० व्या खेळीला एच४ हे निरुपद्रवी प्यादं सरकवलं आणि काळ्याने डाव सोडला: प्याद्यांच्या दोन-चार खेळ्या संपल्या की मोहरा हलवावाच लागणार आणि मोहरा हलला की पडणार. झुगझ्वांग (कुठलीही खेळी केली तरी नुकसानच, अशी अवस्था) शिकवायला लोक राजा-प्याद्यांचे शेवट काढून बसतात. भरल्या पटावरचा झुगझ्वांग मुलांच्या जास्त लक्षात राहतो.

कार्पोव्ह विरुद्ध उन्झिकर, नाइस १९७४ हा डाव याच दिवशी घाईघाईत उरकतात. तो खरं तर अर्धा तास मागतो. ए-फाइल उघडी, दोघांचे हत्ती समोरासमोर, सगळे मारले गेले तर काळा मोकळा श्वास घेणार. पांढरा २४ व्या खेळीला ई३ चा उंट ए७ वर नेऊन बसवतो. स्वतःचीच फाइल स्वतःच बंद! पण बंद झाली ती काळ्यासाठी. मारामारी थांबली आणि उंटाच्या मागे पांढऱ्याला हत्ती सावकाश रचता आले. काळ्याला मात्र फाइल केव्हा उघडेल या धास्तीने मोहरे तिकडे ठेवावे लागले, आणि डाव जिंकला गेला तो राजाच्या बाजूला. फाइलवर कब्जा मिळवायचा आणि घाव दुसरीकडे घालायचा, ही गोष्ट या वर्गाच्या पूर्ण अभ्यासक्रमात इथेच काय ती येते. एवढ्या मोठ्या मुद्द्याला वीस मिनिटं फार कमी.

चौथा रविवार सगळ्यात भरीव. हत्ती सातव्या रांगेत पोहोचला, आता काय खायचं? वर्गाचं उत्तर: लगेच काहीच नाही. सातव्या रांगेतला हत्ती दोन कामं करतो. समोरच्या राजाला आठव्या रांगेत कोंडतो आणि प्याद्यांवर बाजूने हल्ला करतो. पहिलं दिसेल ते प्यादं खाल्लं तर हत्ती रांगेतून हलतो, राजा सुटतो आणि समोरचा हत्ती जिवंत होतो. १२००-१३०० च्या खेळाडूंचे जिंकलेले डाव बरोबरीत सुटतात ते बहुतेक याच पायरीवर.

नमुना कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर, न्यूयॉर्क १९२४. एच-फाइल उघडली, २९ व्या खेळीला हत्ती एच१, ३० व्या खेळीला एच७. पुढे पांढरा राजा जी३, एच४, जी५ करत एफ६ वर जातो, आणि वाटेत सी३ व एफ४ ही दोन प्यादी शहासकट देऊन टाकतो. वर्गात हा डाव पटावर प्रत्येकाकडून दोन्ही बाजूंनी खेळवून घेतात आणि नेमक्या जागी थांबवून विचारतात: राजाने एफ५ चं प्यादं का नाही खाल्लं? कारण काळ्याच्या त्या प्याद्याच्याच आडोशाला राजाला फाइलवरून शह बसत नाहीत. एच७ चा हत्ती, जी६ चं प्यादं, एफ६ चा राजा: तिघं जमले की मोजून दोन प्यादी कमी असलेला पांढरा जिंकतो. हा एक तास फी वसूल करून देतो.

दोन हत्ती सातव्या रांगेत असले तर काय, हेही नेमकं सांगितलंय. काळा राजा जी८ वर, एफ७ चं प्यादं गेलेलं, पांढऱ्याचे हत्ती बी७ आणि जी७ वर. जी७ च्या शहामुळे राजा एच८ वर जातो, तेव्हा शह देत जी७ वरून एच७ वर मारा, राजा परत जी८ वर येतो, मग बी७ चा हत्ती जी७ वर आणि मात. पण हे एफ८ वर काळ्याचाच हत्ती अडकलेला असेल तरच. एफ८ रिकामं असेल तर राजा तिकडून निसटतो आणि बहुतेक वेळा शहांवर शह देत बरोबरीच पदरात पडते. म्हणून आधी एफ८ बघा, मग एच७ खा.

आता खटकलेलं. वहीतली १४ व्या क्रमांकाची पोझिशन. पांढरा: राजा जी२, हत्ती डी१, प्यादी ए४, बी३, एफ२, जी३, एच४. काळा: राजा जी७, हत्ती ए८, प्यादी ए७, बी६, एफ७, जी६, एच५. खेळी पांढऱ्याची. पहिली खेळी हत्ती डी७ यात वाद नाही; ए७ आणि एफ७ दोन्हींवर डोळा. वही पुढे म्हणते: काळा ए५, पांढरा हत्ती बी७, काळा हत्ती ए६. बी६ वाचवायला खरंच तेवढीच खेळी आहे, कारण हत्ती बी८ वर आणला तर फुकट मारला जातो. मग ए६ चा हत्ती दाराच्या कडीसारखा एका जागी अडकून राहतो, आणि पांढरा राजा एफ३, ई३, डी४, सी४, बी५ असा पाच खेळ्यांत चालत जाऊन त्याला उठवतो. काळा राजा तिकडे धावला तर एफ७ पडतं. तो एफ५ करून डी६ पर्यंत आला तरी राजा बी५ वर पोहोचल्यावर बी६ शहासकट जातं. इथवर सगळं सुरेख.

पण शहाणा काळा बी६ वाचवतच नाही. दुसऱ्या खेळीला तो हत्ती डी८ वर नेतो. पांढऱ्याने बी६ खाल्लं की हत्ती डी३, बी३ वर हल्ला. पांढरा हत्ती बी५, काळ्याचं ए५ जातं, बदल्यात पांढऱ्याचं बी३. शेवटी पांढऱ्याकडे ए-फाइलवर एक सुटलेलं प्यादं जास्त, राजाच्या बाजूला तीनास तीन, आणि काळ्याचा हत्ती ए३ वरून त्या प्याद्याच्या मागे. असा शेवट जिंकणं कर्मकठीण. बचाव येणारा खेळाडू तो धरून ठेवू शकतो. पहिल्याच खेळीला ए७ सोडून हत्ती सी८ वर आणायचा हाही विचार वहीत नाही. उत्तरपानावर नुसतं ‘पांढरा सहज जिंकतो’. अशी उत्तरं मुलांना चुकीची सवय लावतात: समोरचा गपगुमान प्यादी राखत बसेल, हे गृहीत धरायची.

आणि हीच या वर्गाची मोठी उणीव. फाइल गेलेल्या बाजूने काय करायचं, याला सहाव्या रविवारची जेमतेम तीस मिनिटं. निदान चार गोष्टी शिकवायला हव्या होत्या: शिरायची घरं राखून फाइल खुशाल सोडून देणं; राजा ई७ किंवा एफ८ कडे आणून हत्ती मारामारीला लावणं; दुसरी फाइल स्वतः उघडणं; आणि वर सांगितलं तसं प्यादं देऊन हत्ती मोकळा करणं. क्वीन्स गॅम्बिट एक्स्चेंजमध्ये पांढरा बी४-बी५ करून सी-फाइलवर सी६ ला धरतो, तेव्हा काळा ई-फाइलवरून राजाकडे वळतो. दोन अर्ध्या उघड्या फाइलींची ती शर्यत हा बचावाचा तयार धडा होता. वहीत त्याची एक आकृती आहे, खाली ओळभर मजकूर नाही.

एक छोटी पण कामाची गोष्ट वर्गात सतत कानावर पडते: दोन्ही हत्ती पहिल्या रांगेतून निघण्याआधी एच३ किंवा जी३ करून राजाला खिडकी द्या. एक खेळी खर्च होते. ती खर्च न करता सातव्या रांगेत घुसलेले आणि स्वतःच्याच पहिल्या रांगेत मात खाल्लेले डाव कुठल्याही शालेय स्पर्धेत डझनाने सापडतील. खिडकी कोणत्या रंगाच्या घराची हवी, हे समोरच्याचा उरलेला उंट बघून ठरवायचं. पांढऱ्या घरांचा उंट शिल्लक असेल तर एच२ चं काळं घर बरं, आणि उलट. ही बारीक सूचना छापील साहित्यात क्वचित सापडते.

पाचवा आणि सहावा रविवार खेळायचा. ठरलेल्या पोझिशनपासून, १५ मिनिटं अधिक दर खेळीला १० सेकंद, मग बाजू बदलून पुन्हा. पद्धत उत्तम. अंमलबजावणी ढिली: सोळा जण आणि शिकवणारे एकटे, त्यामुळे डाव संपल्यावर स्कोअरशीट तपासून घ्यायला रांग. १३०० वाल्याची गाठ १७०० वाल्याशी घालून दिली तर पोझिशन कोणती हे महत्त्वाचंच राहत नाही, बलवान तो जिंकतो. जोड्या रेटिंग बघून लावा, एवढं तरी सहज करता येईल. इंजिन (खेळ्या तपासणारा बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम) वर्गात उघडत नाहीत, हा निर्णय योग्य वाटतो. पण घरी तपासायला पोझिशन फोनवर पाठवल्या असत्या तर १४ नंबरसारख्या चुका एव्हाना सुधारल्या गेल्या असत्या.

सामान ठीकठाक. विनाइलचे पट, सव्वादोन इंचांची घरं, वजन घातलेले मोहरे, डिजिटल घड्याळं. भिंतीवरचा चुंबकाचा डेमो बोर्ड मागच्या ओळीतून दिसतो, मात्र त्यावरचे काळे उंट आणि काळी प्यादी लांबून सारखीच भासतात. पुढच्या दोन ओळींत बसा. वहीतल्या आकृत्या फारच लहान छापल्यात. पिशवीत प्रवासी पट घेऊन जा आणि पोझिशन मांडूनच सोडवा. चारचाकी न्यायच्या भानगडीत पडू नका, रविवारी सकाळीही त्या गल्लीत जागा मिळत नाही.

पैशाच्या मानाने वर्ग चांगला. दुसरा आणि चौथा रविवार कुठल्याही १५०० च्या खेळाडूने चुकवू नये. चौकशी केली तर सुटा रविवार ५०० रुपयांत बसू देतात, जागा असेल तर. स्पर्धा खेळणाऱ्यांनी पूर्ण सहा घ्यावेत, पण सोबत हत्तींच्या शेवटांचा बचाव दुसरीकडून शिकावा लागेल, हे धरून चला. पाचव्या रविवारी जोडी लावताना फाइल हरलेली बाजू आधी मागून घ्या. दुसरा डाव येईपर्यंत दहा वाजतात आणि तो बहुधा अर्ध्यावर थांबवावा लागतो.